आपत्ती व्यवस्थापन : परिभाषा आणि व्याप्ती

संपत्ती, विपत्ती आणि आपत्ती हे तीनही शब्द 'पद्' या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. 'पद्' म्हणजे जाणे, येऊन पोहोचणे. जे अनुकूल होऊन येते ती संपत्ती, जे बिघडून येते ती विपत्ती आणि जे अंगावर येऊन कोसळते ती आपत्ती. महाभारताच्या शांतिपर्वात 'आपद्धर्म' या नावाचे एक उपपर्वच आहे. संकटकाळी नेहमीचे नियम कोठवर सैल करावेत, याचा ऊहापोह त्यात आला आहे. तेव्हा आपत्तीचा विचार मराठीला किंवा तिच्या पूर्वपरंपरेला नवा नाही. नवे आहे ते तिच्यापुढे जोडलेले 'व्यवस्थापन' हे पद. जुन्या सरकारी कागदांत 'दुष्काळनिवारण', 'पूरनिवारण' असे शब्द आढळतात. निवारण म्हणजे आलेले दुःख दूर करणे. त्याचा आरंभ दुःख येऊन गेल्यानंतर होतो. व्यवस्थापनाचा आरंभ त्याच्या पुष्कळ आधी व्हावा, अशी अपेक्षा आहे. शब्द बदलला तो या अपेक्षेपायी.

शाळेत येणाऱ्या परिपत्रकांत, पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत आपत्ती, आणीबाणी, संकट, धोका, जोखीम हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. सामान्य व्यवहारात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु आपत्ती व्यवस्थापन हे आज जगभर एक स्वतंत्र ज्ञानक्षेत्र आणि व्यवसाय म्हणून उभे राहिले असून त्यातील प्रत्येक संज्ञेमागे कोणी काय करावयाचे, कोणाला किती साहाय्य मिळावयाचे, हे ठरलेले आहे. गावात पंचनामा होतो तेव्हा घर कशाने पडले या रकान्यात काय लिहिले जाते, यावर त्या कुटुंबाचे अनुदान अवलंबून असते. केंद्र शासनाने साहाय्यासाठी मान्य केलेल्या आपत्तींची यादी बारांची आहे. तीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणे, हिमस्खलन, ढगफुटी, किडींचा प्रादुर्भाव आणि कडाक्याची थंडी यांचा समावेश आहे. वीज पडून होणारा मृत्यू या यादीत नाही. महाराष्ट्र शासनाने वीज कोसळणे, अतिवृष्टी, अवेळी पाऊस, समुद्राचे उधाण व आकस्मिक आग या आपत्ती स्वतंत्रपणे घोषित केल्या, म्हणून विजेने दगावलेल्या शेतमजुराच्या घरी साहाय्य पोहोचू शकते. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जेथे भर पावसाळ्यात शेकडो बायामाणसे उघड्या बांध्यांत रोवणी करीत असतात, तेथे एका शब्दाचा यादीत समावेश होणे किंवा न होणे ही लहान गोष्ट नव्हे.

'आणीबाणी' या शब्दाविषयी प्रथम थोडे सांगणे आवश्यक आहे. इंग्रजीतील 'इमर्जन्सी' याला मराठीत हाच सर्वांत नेमका शब्द होता. परंतु २५ जून १९७५ रोजी देशात जी राष्ट्रीय आणीबाणी पुकारली गेली आणि जी १९७७ पर्यंत चालली, तिच्यानंतर या शब्दाला राजकीय अर्थ असा काही चिकटला की, पूर आला असता 'आणीबाणी आली' असे आता कोणी लिहीत नाही. त्याची जागा 'आपत्कालीन परिस्थिती' या लांबलचक शब्दप्रयोगाने घेतली. एक सुटसुटीत शब्द त्यामुळे हातचा गेला, हे खरे. तथापि परिभाषेला दुहेरी अर्थाचा शब्द परवडत नाही.

आता मुख्य संज्ञेकडे वळावे. भारतात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये संमत झाला. त्यात आपत्तीची जी व्याख्या दिली आहे, तिचा आशय असा : नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणांनी, अपघाताने किंवा हयगयीने एखाद्या प्रदेशात ओढवलेली अशी घटना, जिच्यामुळे मोठी जीवितहानी, मालमत्तेची हानी किंवा पर्यावरणाचा ऱ्हास होतो आणि जिला तोंड देणे त्या बाधित समाजाच्या शक्तीबाहेरचे असते. या व्याख्येतील शेवटचा भाग वाचकाच्या नजरेतून बहुधा निसटतो, आणि खरे मर्म तेथेच आहे. आपत्ती ही पावसाच्या मिलिमीटरांवर ठरत नाही. घटनेचा भार आणि समाजाचे बळ यांच्या तुलनेवर ती ठरते. तेवढाच पाऊस एका गावी ओढ्याला पाणी आणतो आणि ओसरतो. दुसऱ्या गावी तलावाची पाळ खचलेली असते, सांडव्यात बेशरमाची झुडपे माजलेली असतात, आणि तोच पाऊस आपत्ती ठरतो.

आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनी यात आणखी पायऱ्या पाडल्या आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आपत्ती संशोधन केंद्राचे एक संस्थापक एन्रिको क्वारंटेली यांनी नित्याची आपत्कालीन घटना, आपत्ती आणि महाआपत्ती यांत केवळ आकाराचा नव्हे, तर प्रकाराचा भेद आहे, असे प्रतिपादन केले. नित्याच्या घटनेत स्थानिक यंत्रणा शाबूत असते. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सडक अर्जुनी तालुक्यात राज्य परिवहनाची शिवशाही बस उलटून दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. ज्यांचे आप्त गेले त्यांच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती नाही. परंतु पारिभाषिक अर्थाने रस्ता होता, रुग्णवाहिका होत्या, रुग्णालय उभे होते. घटना भीषण असली तरी यंत्रणेच्या आवाक्यातील होती. उलट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ज्यांनी धावून यावयाचे तेच ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. तेथे तलाठी, शिक्षक, दुकानदार, वैद्य यांपैकी कोण जिवंत आहे, याचाच प्रथम शोध घ्यावा लागला. पहिल्या प्रसंगी अधिक वेगाने तेच नेहमीचे काम करावयाचे असते. दुसऱ्या प्रसंगी कामाची रीतच बदलावी लागते. हा भेद ज्याला उमगला नाही, तो अपघाताच्या ठिकाणी गर्दी जमवितो आणि महापुराच्या वेळी वरून आदेश येण्याची वाट पाहत बसतो.

धोका आणि जोखीम

या शास्त्रातील सर्वांत उपयुक्त चार संज्ञा म्हणजे धोका, संपर्कव्याप्ती, प्रवणता आणि जोखीम. इंग्रजीत ज्याला हॅझर्ड म्हणतात तो धोका : नदीचा पूर, वीज, भूकंप, वणवा, विषारी साप. धोका निसर्गात असतो किंवा कारखान्यात असतो. त्याच्या वाटेवर कोणी नसेल तर तो कोणाचे काही बिघडवीत नाही. त्याच्या वाटेत किती माणसे, घरे, गुरे, पिके येतात, ती संपर्कव्याप्ती. वाटेत आलेल्यांपैकी कोणाला तो अधिक इजा करील, हे ज्या दुबळेपणावर ठरते ती प्रवणता. आणि या तिन्हींच्या संयोगाने हानीची जी शक्यता निर्माण होते, ती जोखीम.

गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकापुढे येथे एक खास अडचण उभी राहते. महाराष्ट्राच्या या पूर्व टोकाला एका बाजूस मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या बाजूस छत्तीसगड. घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगडी किंवा हिंदी बोलणारी मुले मराठी वर्गात बसलेली असतात. मराठीत 'धोका' म्हणजे भय. हिंदीत 'धोखा' म्हणजे फसवणूक. 'नदीला धोक्याची पातळी आहे' या वाक्यात नदी कोणाला फसविते, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारला, तर त्याला हसू नये. प्रश्न अगदी रास्त आहे. हिंदीतील 'खतरा' हा शब्द जोडून तो खुलासा करता येतो. इशाऱ्याचा शब्द ज्या भाषेत समजतो त्याच भाषेत द्यावा, हे आपत्ती व्यवस्थापनाचे एक मूलभूत सूत्र आहे, आणि त्याची खरी कसोटी अशा सीमेवरच्या गावांत लागते.

विजेचे उदाहरण घेतले असता चारही संज्ञा एकदम स्पष्ट होतात. वीज हा धोका. आषाढात बांधीत वाकून परे रोवणाऱ्या बायांची संख्या ही संपर्कव्याप्ती. जवळ पक्के घर नसणे, पाऊस चुकवावयास धुऱ्यावरच्या एकट्या मोहाखाली उभे राहणे, दुपारची मजुरी बुडेल म्हणून गडगडाट ऐकूनही काम न थांबविणे, ही प्रवणता. यांपैकी वीज कोणाला थांबविता येत नाही. बाकी सारे बदलता येते. येथे इयत्ता चौथीचे गणितही उपयोगी पडते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाण्यास त्याला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसच्या आत आकडे मोजून झाले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याच क्षणी पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे भ्रमणध्वनीवरील साधन तयार केले असून ते जवळपासच्या विजेची सूचना देते. परंतु बांधीत चिखलाने भरलेल्या हातांनी कोणी भ्रमणध्वनी पाहत नाही. आकडे मोजणे मात्र तेथेही जमते.

प्रवणतेचे महत्त्व भूकंपाच्या तुलनेतून आणखी ठसते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला, तोही पहाटे. त्याची तीव्रता किल्लारीच्या भूकंपाहून कमी नव्हती. कोयनेला दोनशेच्या आत-बाहेर माणसे दगावली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार. दाट वस्ती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर मातीचे जड धाबे, या गोष्टींनी किल्लारीचा आकडा वाढविला. या कारणाने अभ्यासक आता 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्दप्रयोग टाळू लागले आहेत. धोका नैसर्गिक असतो. आपत्ती बव्हंशी घडविली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेंडाई येथील परिषदेत मार्च २०१५ मध्ये जो आराखडा स्वीकारला गेला आणि जो २०३० पर्यंत चालावयाचा आहे, त्यातही भर जोखीम कमी करण्यावर आहे.

पुराच्या बाबतीत 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणारा समजतो की, एकदा पूर येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. वस्तुतः त्याचा अर्थ, कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, इतकाच होतो. तीस वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सव्वीस निघते. घर बांधणारा माणूस तीस वर्षांचा हिशेब निश्चित करतो. त्याला ही संख्या सांगितली पाहिजे.

चक्राची पाच अंगे

आपत्ती व्यवस्थापनाच्या कार्याचे टप्पे सांगताना प्रतिबंध, सौम्यीकरण, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्उभारणी अशी पाच अंगे सांगण्याची रूढी आहे. अमेरिकेतील राज्यपालांच्या संघटनेने १९७९ मध्ये काढलेल्या अहवालात यांपैकी शेवटच्या चारांची मांडणी प्रथम ठळकपणे झाली. त्याच वर्षी तेथे संघीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्था अस्तित्वात आली. ही अंगे एका चक्राच्या रूपाने दाखविली जातात. पुनर्उभारणी करताना पुढील आपत्तीचे सौम्यीकरण साधले पाहिजे, म्हणून हे चक्र.

सौम्यीकरण हा शब्द कानाला अवघड वाटतो खरा. पण या जिल्ह्यात त्याचे उदाहरण गावोगाव पाण्याने भरून उभे आहे. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे मुळात सिंचनासाठी होते. पण वरचा तलाव भरला की पाणी खालच्या तलावात, तेथून बोडीत, तेथून बांध्यांत अशा रचनेमुळे मुसळधार पावसाचा वेग वाटेतच मोडला जातो आणि पावसाने दडी मारली तर धानाला एखादे पाणी मिळते. एकाच बांधकामाने पूर आणि अवर्षण दोन्ही सौम्य होतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. पुढे त्यांतील बहुसंख्य जिल्हा परिषदेच्या देखरेखीखाली आले. मालकी बदलली तशी पाळीची, सांडव्याची आणि पाणी सोडण्याच्या दाराची डागडुजी कोणाची, हा प्रश्न सैल पडला. गाळाने भरलेला तलाव पूर सौम्य करीत नाही, आणि खचलेल्या पाळीचा तलाव स्वतःच धोका बनतो. सौम्यीकरण एकदा करून संपत नाही, हा मुद्दा यावरून मुलांना पटकन कळतो.

पूर्वतयारी आणि प्रतिसाद यांचे नाते ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे दिसून आले. कृष्णेच्या महापुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव क्षमतेहून अधिक भरल्यामुळे उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसेच बुडाली. नाव होती, नेणारे होते, धैर्यही होते. कोणी प्रथम जावयाचे, एका फेरीत किती जण, गळ्यात तरंगणारे जाकीट आहे काय, हे आधी ठरलेले नव्हते. तयारी म्हणजे साधनांची यादी, असा समज सार्वत्रिक आहे. यादीपेक्षा क्रम ठरविणे अधिक कठीण असते.

पुनर्उभारणीविषयी येथे थोडक्यातच सांगता येईल. पंचनामा, सानुग्रह अनुदान, घरबांधणी ही तिची दिसणारी बाजू. मुलांची शाळा पुन्हा वेळेवर भरू लागणे ही न दिसणारी. या दुसऱ्या बाजूचा पंचनामा होत नाही.

व्यवसायाचा उदय

संकटकाळी धावून जाणारे लोक प्रत्येक समाजात होते. ते पुण्यकर्म होते, व्यवसाय नव्हता. व्यवसाय म्हणावयास स्वतंत्र ज्ञानसंग्रह, प्रशिक्षण, परीक्षा आणि आचारनियम लागतात. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात १९१७ मध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला; त्यावर सॅम्युएल प्रिन्स यांनी १९२० मध्ये लिहिलेला प्रबंध हा आपत्तीचा पहिला शास्त्रीय अभ्यास मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई हल्ल्यांच्या भीतीतून नागरी संरक्षणाची दले निघाली. त्या दलांतील माणसे युद्ध नसताना पूर आणि आगीच्या कामी येऊ लागली आणि त्यांतूनच आपत्कालीन व्यवस्थापक हा स्वतंत्र वर्ग घडला. अशा व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे. २००७ मध्ये या व्यवसायाची आठ तत्त्वे मांडण्यात आली : ते सर्वसमावेशक, पुढचे पाहणारे, जोखमीवर आधारलेले, एकात्म, सहयोगी, समन्वित, लवचीक आणि व्यावसायिक असावे. शेवटचे तत्त्व वाचून थोडे हसू येते, कारण व्यवसायाने व्यावसायिक असावे हे सांगावे लागते. परंतु जे काम कालपर्यंत कोणाच्याही गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून पडत होते, त्याला ते सांगणे भागच होते.

भारतात या विद्येचे मूळ दुष्काळात आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. कोणती लक्षणे दिसताच परीक्षणकामे काढावयाची, मजुरी किती द्यावयाची, गुरांच्या चाऱ्याचे काय, हे त्यांत लिहिलेले होते. परकी राजवटीचा कंजूषपणा त्यांत भरपूर होता. तरी घटना घडण्यापूर्वीच कृती ठरवून ठेवण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. गावातील पैसेवारीचे गणित त्याच परंपरेतले आहे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही परंपरा पुढे नेली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि भिक्षा म्हणून मिळणारे काम हक्क झाले. पुढे किल्लारी १९९३, ओडिशाचे महाचक्रीवादळ १९९९, कच्छचा भूकंप २००१ आणि डिसेंबर २००४ ची त्सुनामी अशी धक्क्यांमागून धक्क्यांची मालिका झाली. २००२ मध्ये केंद्रात हा विषय कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे गेला, यावरूनच दृष्टी किती पालटली ते कळते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अधिनियम संमत झाला. २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणांची तरतूद झाली. नवी दिल्लीची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, पुण्याची यशदा, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था येथे या विषयाचे शिक्षण मिळते.

मग आपत्ती व्यवस्थापक नेमके करतो काय? तो आग विझवीत नाही, जखमेला टाके घालीत नाही, नाव वल्हवीत नाही. ते अग्निशामकाचे, डॉक्टरचे, बचाव दलाचे काम. ही सर्व कामे एकमेकांच्या आड न येता, योग्य क्रमाने आणि योग्य माहितीवर व्हावीत हे त्याचे काम. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, त्यातून हे कळते. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटमधून येऊन गोंदिया जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते. सिवनीत तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. तेथून सोडलेल्या पाण्यासह पूर खाली आला आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या नदीकाठच्या गावांत शिरला. अशा पुरात गावाच्या आकाशाकडे पाहून काहीच कळत नाही. पाऊस परराज्यात, दार परराज्यात, पाणी मात्र येथे. बाघ नदीवरही सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार ही धरणे आहेत. तेव्हा धरणावरील अभियंता, दोन राज्यांची नियंत्रण कक्षे, तहसीलदार, ग्राम महसूल अधिकारी, पोलीस पाटील, कोतवाल या साखळीतून 'इतके पाणी सुटले, इतक्या वाजता पोहोचेल' हे एक वाक्य शेवटच्या टोल्यावरच्या घरापर्यंत न विकृत होता पोहोचविणे, हीच येथील व्यवस्थापनाची सर्वांत मोठी कामगिरी ठरते. दोर आणि तरंगत्या जाकिटांची प्रात्यक्षिके मुलांना आवडतात आणि ती करावीतही. परंतु या विषयाचा गाभा निरोपात आहे.

शाळेचे स्थान

अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमान्वये प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि स्थानिक संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, सहअध्यक्ष असतात. एक्केचाळिसाव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर आपले अधिकारी व कर्मचारी प्रशिक्षित असतील हे पाहण्याचे कर्तव्य घातले आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा अशा प्राधिकरणाचा कर्मचारी होय. सबब प्रशिक्षण मागणे हे आगाऊपणाचे लक्षण नसून कायद्याला धरून आहे. चोपन्नाव्या कलमाने खोटा इशारा पसरवून घबराट माजविणे हा अपराध ठरविला असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. 'धरण फुटले' असा भ्रमणध्वनीवर आलेला निरोप पुढे ढकलणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांना हे कलम अवश्य समजावून सांगावे.

शाळेची इमारत बहुतेक गावांत सर्वांत पक्की आणि सर्वांत मोकळी असते, म्हणून निवाऱ्यासाठी प्रथम तिचेच नाव निघते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत, ज्या वेळी याच अधिनियमाखाली देशभर टाळेबंदी झाली, परगावाहून परतलेल्या मजुरांना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शाळांतूनच विलगीकरणात ठेवले गेले. निवारा म्हणून शाळा देताना पाणी, शौचालय, स्वयंपाकाची जागा आणि अभिलेखांची पेटी यांचा विचार आधी झालेला असावा. हजेरीपट आणि दाखल्याचे रजिस्टर भिजले तर एका पिढीचा जन्मतारखेचा पुरावा जातो.

पण दुसऱ्यांना आसरा देणारी शाळा स्वतः निर्धोक आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानून देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले. पोषण आहाराची खोली वर्गाला लागून आहे काय, गॅसची टाकी कोठे ठेवली आहे, वर्गाचे दार बाहेर उघडते की आत, व्हरांड्यात जुन्या बाकांचा ढीग वाट अडवून आहे काय, हे पाहण्यास कोणत्याही निधीची गरज लागत नाही. साप निघण्याच्या दिवसांत सरपण आणि विटांचा ढीग भिंतीपासून दूर हलविणे हेही त्याच पाहणीत येते. सर्पदंश झालेल्या मुलाला मांत्रिकाकडे न नेता, हातपाय न आवळता, न हलविता रुग्णालयात न्यावे आणि प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते ते आधी विचारून ठेवावे.

वर्गात हा विषय घेताना व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात नाला, तलाव, सांडवा, एकटी उंच झाडे, विजेचे रोहित्र, वाकलेली भिंत, जंगलाची कड ही धोक्यांची ठिकाणे लाल खडूने दाखवावीत. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो आणि तो विस्तव पुढे नवेगाव-नागझिऱ्याच्या रानातील वणव्याचे कारण होऊ शकतो. नकाशावर ती मोहाची झाडे मुलांना स्वतःच ठाऊक असतात. नंतर कोणत्या घरी अंध, अपंग, एकटे वृद्ध, बाळंतीण आहे, ती घरे निळ्या खडूने दाखवावीत. ही यादी मात्र चव्हाट्यावर न लावता मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांच्याकडेच ठेवावी. तांबडे आणि निळे जेथे एकमेकांवर येतात, तेथे जोखीम आहे. या एका कृतीत चारही संज्ञा येऊन जातात.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग, म्हणजे सावध राहण्याचा पिवळा, तयार राहण्याचा नारिंगी आणि कृतीचा लाल, वर्गाच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्यास अतिवृष्टी म्हणतात. सरळ बाजूंचा डबा आणि मोजपट्टी घेऊन वरच्या वर्गातील मुले शाळेच्या अंगणात रोजचा पाऊस मोजू शकतात आणि तो आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहू शकतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व संकटांसाठीचा ११२ हे क्रमांक दरवाजाच्या वर, मुलांच्या नजरेच्या उंचीला लिहावेत. इशाऱ्याची चार-पाच वाक्ये मराठीबरोबर पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगडीत कशी सांगतात, हे मुलांकडूनच लिहवून घ्यावे आणि ती वही पोलीस पाटलाला व कोतवालाला दाखवावी. नदीकाठच्या गावी २०२० मध्ये पाणी जेथवर चढले होते, ती खूण शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर असेल तर पुसू देऊ नये. नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारून मृग लागण्यापूर्वी चुन्याने रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी वर्ष लिहावे.